चाळीस अंशांच्या उन्हातही इंजिन ऑइल थंडच असते

प्रश्न : मी सोलापुरात होटगी रस्त्यावर राहतो. माझ्याकडे २०१७ सालची, सेकंड हँड घेतलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे आणि ती एकदा कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकवर मनसोक्त पळवण्याचा विचार आहे. गाडी जोरात चालवण्यापूर्वी इंजिन ऑइल तापू द्यावे, असे नेहमी वाचतो. परंतु आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा ऑइल आधीच गरम नसते का? आमचे मिस्त्री सांगतात की सेल्फ मारल्यावर गाडी दहा मिनिटे जागेवरच चालू ठेवावी आणि ऑइलही जाड, म्हणजे १०डब्ल्यू-६० भरावे. पाण्याचा काटा ९० वर आला की इंजिन तयार झाले, असे समजावे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : उन्हाळ्याबद्दलची तुमची शंका आपल्या भागातल्या अनेक गाडीमालकांच्या मनात असते, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो. चाळीस अंशांची हवा आपल्याला असह्य होत असली, तरी इंजिन ऑइलच्या दृष्टीने ते थंडच तापमान आहे. ५डब्ल्यू-४० या प्रचलित इंजिन ऑइलच्या नावातला ४० हा दर्जा ऑइल १०० अंश सेल्सिअसला किती दाट आहे यावरून ठरतो, आणि त्या तापमानाला या दर्जाच्या ऑइलचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक) या मर्यादेत असावा लागतो. तेच ऑइल ४० अंशांना मोजले तर आकडा साधारण ८० ते ९० सेंटीस्टोक येतो, म्हणजे ते कामाच्या तापमानापेक्षा जवळजवळ सहापट दाट असते. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, पहाटे पारा पंधरा अंशांच्या आसपास असताना तर ते याहून कितीतरी दाट होते. सोलापूरच्या उन्हाळ्यामुळे आपली सुरुवात थोडी पुढून होते, इतकेच. उरलेले चाळीस-पन्नास अंश इंजिनालाच चढावे लागतात.

दाट ऑइलने बिघडते काय, हे समजले की संयम ठेवणे सोपे जाते. इंजिन थंड असताना ऑइलचा दाब भरपूर दिसतो आणि त्यावरून सगळे उत्तम चालले आहे असे वाटते. परंतु तो दाब ऑइल सहजपणे वाहत नसल्यामुळे वाढलेला असतो. दाब मर्यादेपलीकडे गेला की पंपाजवळची झडप उघडते आणि ऑइलचा काही भाग बेअरिंगपर्यंत न जाता मागे वळतो. अशा वेळी इंजिन एकदम मिनिटाला सहा हजार फेऱ्यांपर्यंत नेले, तर फिल्टरची बायपास झडपही उघडू शकते, आणि मग न गाळलेले ऑइल थेट पुढे जाते. घासणाऱ्या पृष्ठभागांवर संरक्षक थर धरणारी जस्तयुक्त रसायने ऑइलमध्ये मिसळलेली असतात, त्यांचे कामही उष्णतेवर अवलंबून असते. याशिवाय तुमच्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो सांगाडा, बिडाचा आणि पिस्टन अॅल्युमिनियमचे आहेत. अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि पिस्टन ब्लॉकपेक्षा फार लवकर तापतो. त्यामुळे थंड इंजिनावर एकदम पूर्ण भार टाकला, तर पिस्टन फुगतो, पण त्याच्याभोवतीचे सिलिंडर अद्याप तेवढे तापलेले नसते आणि दोन्ही एकमेकांवर जास्त घासतात. ही झीज त्या दिवशी जाणवत नाही. ती साठत जाते आणि पुढे इंजिनकाम निघते तेव्हाच दिसते.

पाण्याच्या काट्याबद्दल मात्र तुम्हाला स्पष्टपणे सावध करतो. तुमच्या गाडीत, आणि स्कोडा ज्यात मोडते त्या फोक्सवॅगन समूहाच्या बहुतेक गाड्यांत, पाणी साधारण ७५ ते १०५ अंशांच्या दरम्यान कुठेही असले तरी काटा ९० वरच स्थिर दाखवला जातो, जेणेकरून किरकोळ चढउतार पाहून मालक घाबरू नये. शिवाय पाणी लवकर तापते आणि ऑइल त्याच्या मागे राहते. काटा ९० वर आल्यानंतरही ऑइल पुष्कळदा ५०-६० अंशांवरच असते. तुमच्या डॅशबोर्डच्या मधल्या पडद्यावर ऑइलचे तापमान पाहण्याची सोय आहे. ५० अंशांच्या खाली तिथे आकड्याऐवजी आडव्या रेघा दिसतात. त्या रेघा आहेत तोवर इंजिन अडीच-तीन हजार फेऱ्यांच्या वर नेऊ नये आणि अॅक्सिलरेटर खोल दाबू नये, ८० अंश होईपर्यंत मध्यम चालवावे, आणि पूर्ण जोर त्यानंतरच लावावा. बीएमडब्ल्यूने २००० साली आणलेल्या एम३ मध्ये हीच शिस्त यंत्रातच घातलेली होती : टॅकोमीटरच्या, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्याच्या, वरच्या भागातले दिवे थंड इंजिनावर पेटलेले असत आणि ऑइल तापेल तसे एकेक करून विझत, म्हणजे चालकाची मर्यादा हळूहळू वर सरके. मला ही रचना आजही फार आवडते.

जागेवर दहा मिनिटे गाडी चालू ठेवण्याचा सल्ला मात्र सोडून द्यावा. भार नसलेले इंजिन फार कमी उष्णता निर्माण करते, त्यामुळे ऑइल अतिशय सावकाश तापते आणि थंड अवस्थेचा काळ उलट लांबतो. त्या काळात इंजिनाला जास्तीचे पेट्रोल दिले जाते, त्यातले काही सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते आणि त्याला पातळ करते. गिअरबॉक्सचे ऑइल आणि टायर तर उभ्या गाडीत तापतच नाहीत. सेल्फ मारल्यावर अर्धा-एक मिनिट थांबावे, फेऱ्या स्थिरावल्या की निघावे आणि हळू चालवावे. तुमच्या घरापासून शहर ओलांडून पुणे रस्त्याला लागलात आणि बाळे, केगाव मागे टाकलेत, की बहुधा ऑइल तयार झालेले असेल. तरीही पडद्यावरचा आकडा पाहावा. अर्थात आपल्या चौपदरी महामार्गावरही मोटारीला ताशी १०० किलोमीटरचीच मर्यादा आहे, तेव्हा खरा जोर कोइम्बतूरसाठीच राखून ठेवावा.

१०डब्ल्यू-६० हे ऑइल त्याच एम३ सारख्या, त्यासाठीच आखलेल्या इंजिनांकरिता आहे. १०० अंशांनाही ते ४० दर्जाच्या ऑइलपेक्षा बरेच दाट राहते, म्हणजे तुमच्या इंजिनात थंडपणी होणारा त्रास त्याने वाढेल. मालकपुस्तिकेत जो दर्जा आणि उत्पादकाची जी मान्यता लिहिली आहे, तेच ऑइल भरावे आणि ट्रॅकवर जाण्यापूर्वी ते नवे असावे.

ट्रॅकवर काळजी दुसऱ्या टोकाचीही घ्यावी लागते. पहिला फेरा सावकाश घ्यावा. त्यात ब्रेक आणि टायरही तापतात. नंतर ऑइल १०० ते १२० अंशांत राहिले तर चिंता नाही, परंतु ते १३० कडे सरकू लागले की जोर कमी करावा, आणि शेवटचा फेरा पुन्हा हळू घेऊनच थांबावे. दोन सत्रांमध्ये गाडी बराच वेळ उभी राहिली असेल, तर पडदा पाहिल्याशिवाय पुन्हा जोर लावू नये.

प्रश्न : माझ्या छोट्या टर्बो गाडीत ऑइलचे तापमान दिसत नाही. मग अंदाज कसा करावा? आणि गाडी बंद करण्यापूर्वी थांबणे गरजेचे आहे का?
— एक वाचक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : पाण्याचा काटा नेहमीच्या जागी येण्यास जितका वेळ लागला, निदान तितकाच वेळ त्यानंतरही गाडी हळू चालवावी. आकडा दिसत नसताना वेळ थोडा जास्त धरणेच बरे. तुमचा रोजचा प्रवास घर ते बाजार इतकाच असेल, तर ऑइल कधीच पुरते तापत नाही आणि त्यात ओलावा व पेट्रोल साठत राहते; म्हणून अधूनमधून तुळजापूरपर्यंत एक सलग फेरी करावी आणि ऑइल किलोमीटर पूर्ण होण्याची वाट न पाहता थोडे आधी बदलावे.

शहरातून सावकाश घरी आल्यावर गाडी लगेच बंद करायला हरकत नाही. मात्र महामार्गावरून वेगाने येऊन एकदम धाब्यावर थांबलात, तर एखादे मिनिट इंजिन चालू ठेवावे. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूने फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा; त्याची दांडी मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेऊ शकते आणि तिच्या बेअरिंगमधून वाहणारे ऑइलच तिथली उष्णता बाहेर नेते. इंजिन बंद होताच तो प्रवाह थांबतो आणि आत अडकलेले ऑइल जळून त्याचा कोळसा चिकटतो. शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू चालवत आलात, तर त्या मिनिटाचीही गरज राहत नाही.