‘घरी गेल्यावर माझं मला जमेल ना?’

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलेल्या बायका माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा मरणाबद्दल फारसं विचारत नाहीत, निदान पहिल्या भेटीत तरी नाही. हात वर जाईल का, केस माझे मला विंचरता येतील का, कपडे कसे घालू, जखमेतलं पाणी काढणारी ती नळी कोण बघणार, नवऱ्याला जखम दाखवावीच लागेल का, असे प्रश्न असतात. हे सगळे प्रश्न एका काळजीतून निघतात : घरी गेल्यावर माझं मला जमेल ना?

सुनंदाताई (नाव बदललं आहे) तर तेवढंही विचारायला तयार नव्हत्या. वय पंचावन्नच्या आसपास, उजव्या बाजूची मास्टेक्टॉमी, म्हणजे पूर्ण स्तन काढण्याची शस्त्रक्रिया, पुढच्या आठवड्यावर आलेली. मुलीने जवळजवळ ओढूनच आणलं होतं. “मला काही बोलायचं नाहीये हो. मी सहन करणारी बाई आहे,” म्हणाल्या.

हे वाक्य ऐकलं की मी सावध होते. सहन करणारी माणसं दुखलं तरी सांगत नाहीत, मदत मागत नाहीत, आणि या ऑपरेशनानंतर नेमकं तेच महागात पडतं.

थोड्या वेळाने खरं कारण बाहेर आलं. लहानपणी त्यांनी आत्याचं हेच ऑपरेशन झालेलं पाहिलं होतं. आत्याचा हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही, कायम सुजलेला राहिला. ती भीती निराधार नव्हती. अमेरिकन सर्जन विल्यम हॅल्स्टेड यांनी १८९० च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही (लिम्फ नोड, म्हणजे शरीरात मुळातच असणाऱ्या लसिका ग्रंथी) काढून टाकत, आणि ती पद्धत पुढे कित्येक दशकं चालली. आज बहुतेक ऑपरेशनांत स्नायू जागेवर राहतात. काखेत आजार पसरल्याचं तपासणीत दिसत नसेल, तर सहसा आजार जिथे सगळ्यात आधी पोहोचू शकतो त्या पहिल्या काही गाठीच काढून तपासतात. सगळ्या काढाव्या लागल्या तर हाताला सूज येण्याचा धोका वाढतो. म्हणून ऑपरेशनआधी सर्जनना विचारायच्या प्रश्नांत मी हा सगळ्यात वर लिहायला लावते : काखेतल्या गाठींचं काय करणार आहात? स्तन वाचवून फक्त कॅन्सरची गाठ काढता येईल का, हे विचारायचं राहिलं असेल तर तेही विचारावं. सुरुवातीच्या आजारात ते ऑपरेशन आणि रेडिएशन (किरणोपचार) मिळून आयुर्मानाच्या बाबतीत पूर्ण स्तन काढण्याइतकंच चांगलं ठरतं, हे वीस वर्षांच्या पाठपुराव्यातून २००२ साली प्रसिद्ध झालं आहे. सुनंदाताईंनी विचारलं होतं. त्यांच्या स्तनात आजार एकाहून जास्त ठिकाणी होता, तो पर्याय त्यांच्यासाठी नव्हता.

तयारीचं बरंचसं हॉस्पिटल सांगतंच. रोजच्या गोळ्या सांगा, त्यातही रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या. जडीबुटी घेत असाल तर तीही लपवू नका. तंबाखू-सिगारेट बंद करा, कारण जखम भरायला उशीर होतो. उपाशी कधीपासून राहायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील. यावर मी वेळ घालवत नाही. मी सुनंदाताईंना वेगळाच अभ्यास दिला : एक अख्खी संध्याकाळ उजवा हात अंगाशी धरून वावरायचं आणि कुठे अडतं ते मुलीने लिहायचं.

दुसऱ्या दिवशी मुलगी यादी घेऊन आली. टूथपेस्टचं झाकण. मागे हूक असलेले आणि डोक्यावरून घालायचे सगळे कपडे. कपाटाचा वरचा खण, जिथे सगळी औषधं. बाथरूमचा घट्ट नळ. आणि पलंगावरून उठताना शरीर उजव्या हातावरच रेटलं जातं, हे तर त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. त्यानुसार घर हललं. रोज लागणाऱ्या वस्तू कंबर आणि खांदा यांच्या मधल्या उंचीवर आल्या, पुढून बटणं असलेले दोन-तीन सैल कपडे आले, पाठीला टेकण देणाऱ्या उशा आणि हाताखाली घ्यायला एक छोटी उशी आली. सुरुवातीच्या रात्री अर्धवट बसल्यासारखं, पाठीवर झोपणं बहुतेकींना सोपं जातं.

मग नळीचा विषय. बायकांना टाक्यांपेक्षा हिचीच भीती जास्त वाटते, म्हणून मी नमुन्याचा ड्रेन टेबलावर ठेवते आणि हातात घ्यायला लावते. कातडीखालून बाहेर आलेली मऊ नळी आणि टोकाला मुठीत मावेल असा फुगा. फुगा दाबून झाकण लावलं की तो आतलं पाणी हळूहळू ओढून घेतो. दिवसातून साधारण दोनदा, हात धुऊन, झाकण उघडायचं, पाणी मापात ओतायचं, किती आणि कसल्या रंगाचं ते लिहायचं, फुगा पुन्हा चपटा दाबायचा आणि दाबलेला असतानाच झाकण लावायचं. हे शेवटचं हटकून विसरतात. फुगा फुगलेला राहिला तर तो काही ओढत नाही. आधी लाल, मग गुलाबी, मग फिकट पिवळं पाणी येतं. चोवीस तासांत साधारण ३० मिलीच्या खाली आणि तेही लागोपाठ दोन दिवस, असं झालं की बहुतेक सर्जन नळी काढतात. कुणाची आठवड्यात निघते, कुणाची तीन आठवडे राहते. फुगा लोंबकळू द्यायचा नाही, कपड्याला आतून पिनेने अडकवायचा किंवा आतून खिसा शिवून घ्यायचा. आंघोळीला परवानगी मिळाली की गळ्यात पट्टी घालून तिला अडकवायचा.

सुनंदाताई म्हणाल्या, “मीच करीन सगळं.” मी विचारलं, पहिल्या आठवड्यात दुसरं कोणी केलं तर काय बिघडेल? उत्तर आलं नाही. तोवर कोपऱ्यात बसलेल्या त्यांच्या यजमानांनी फुगा उचलून दाबून बघितला होता. ते त्या दिवशी पहिल्यांदाच बोलले, “हे मी करीन. वहीत लिहायचं म्हणालात ना?” माझ्या अनुभवात घरच्या पुरुषांना ‘तिला आधार द्या’ सांगून काही होत नाही. आधार म्हणजे नेमकं काय, ते त्यांना कळत नाही. एक ठरलेलं काम द्या, ते मनापासून करतात. त्यांनी पट्टीने रकाने आखले. पुढे ती वही मी पाहिली. एक नोंद अशी : ‘सकाळी ७, ४० मिली, गुलाबी. रात्री दोनदा उठली. बोलली नाही.’

ऑपरेशन नीट पार पडलं. चार-पाच दिवसांनी फोन केला तर “चाललंय की” असं ऐकू आलं. मागून मुलीचा आवाज, “गोळ्या घेत नाहीये ती!” भेटीला आल्या तेव्हा उजवा खांदा कानापर्यंत चढलेला, कोपर बरगडीला चिकटवलेलं. गोळ्यांची सवय लागेल ही भीती, आणि एवढं तर सहन करायलाच हवं ही जुनी शिकवण.

या सल्ल्यापुरती मी मवाळ नाही. ऑपरेशननंतरचं दुखणं दाबून ठेवण्यात कसलंही शौर्य नाही. दुखतं म्हणून हात हलत नाही, हलत नाही म्हणून खांदा आखडतो, आखडला की अजून दुखतं. सुनंदाताईंना पुढे रेडिएशन लागण्याची शक्यता होती. तिथे हात डोक्यावर घेऊन, न हलता पडून राहावं लागतं. खांदा वर गेला नाही तर उपचारच खोळंबू शकतो. हे ऐकल्यावर त्या पहिल्यांदा पुढे सरकून बसल्या. स्वतःसाठी गोळी घेणं त्यांना पटत नव्हतं, उपचार वेळेवर व्हावा म्हणून घेणं पटलं. मला कारण कोणतंही चाललं असतं. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला गोळी, आणि त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने व्यायाम, असं ठरलं. तीव्र वेदनाशामकांनी पोट साफ होत नाही. तेही लाजून लपवू नये, त्यावर औषध असतं.

व्यायाम म्हणजे सुरुवातीला अगदी साधे : मूठ उघड-मीट, कोपर दुमडणं, खांदे गोल फिरवणं. नळी असेपर्यंत बहुतेक ठिकाणी हात खांद्याच्या उंचीवर नेऊ देत नाहीत. नळी निघाल्यावर फिजिओथेरपिस्टला विचारून भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. जड उचलणं सर्जन सांगेपर्यंत बंद. काही आठवड्यांनी काखेतून दोरीसारखं काहीतरी ताणलेलं हाताला लागलं तर घाबरून व्यायाम सोडू नका, दाखवा. ते बऱ्याच जणींना होतं आणि व्यायामाने सुटतं.

त्याच भेटीत, मुलगी बाहेर गेल्यावर, त्यांनी आवाज बारीक करून सांगितलं की जो स्तन नाही त्याला खाज येते. “माझं डोकं तर फिरलं नाही ना?” नाही. तिथल्या नसा कापल्या किंवा ताणल्या जातात, मेंदूला मात्र ती जागा अजून आठवते. छाती आणि दंडाची आतली बाजू बधिर वाटणंही त्यातलंच. ते काही जणींचं पूर्ण जात नाही, हे मी आधीच सांगते. मग बधिर जागी गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, भाजलेलं कळत नाही.

आरशाचं मात्र प्रत्येकीचं निराळं. मी एवढंच म्हणते की केव्हा, कुठे आणि कोणासोबत बघायचं ते तुम्ही ठरवा, अचानक घडू देऊ नका. काय दिसेल ते आधी नर्सकडून ऐकावं : टाक्यांची आडवी किंवा तिरकी रेघ, सूज, काळंनिळं, काखेजवळ थोडी जास्तीची कातडी. यातलं बरंच पुढच्या आठवड्यांत बदलतं. काही जणी पहिल्या ड्रेसिंगला बघतात, काही महिनाभर बघत नाहीत. न बघण्यात गैर नाही, फक्त तोवर जखमेवर दुसऱ्या कुणाची तरी रोज नजर हवी. सुनंदाताईंनी नर्ससोबत बघायचं ठरवलं होतं, यजमानांसमोर नाहीच. प्रत्यक्षात एका रात्री घरी पट्टी सुटली. वही घेऊन आलेल्या यजमानांनी पाहिलं आणि म्हणाले, “सुटलंय हे. हात धुऊन येतो.” त्या मला सांगताना चिडल्या होत्या, की इतके दिवस मी घाबरत होते आणि हा माणूस हात धुवायला गेला!

वहीच्या मागच्या पानावर आम्ही लगेच फोन करायची कारणं लिहिली होती. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा वर. जखमेभोवती लाली पसरणं, पू. नळीत एकाएकी भरपूर लालभडक रक्त, किंवा छाती झपाट्याने फुगणं. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं. दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोनवर न थांबता सरळ इमर्जन्सीत. नळी निघाल्यावर कातडीखाली पाणी साठलं तर ती सहसा घाबरण्याची गोष्ट नसते, पण दाखवावं; गरज पडल्यास सुईने काढतात.

आणि नातेवाइकांसाठी एक : ‘पॉझिटिव्ह राहा’ हे कृपा करून बोलू नका. ते ऐकून बाई रडायची थांबते, रडू थांबत नाही. घरी आल्यानंतरच्या दिवसांत, काढलेल्या भागाच्या तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत तर विशेष, मन खाली जाणं स्वाभाविक आहे. दोन आठवडे उलटूनही झोप नाही, कशात लक्ष नाही, जगणं नको वाटतं, असं असेल तर ते आम्हाला किंवा डॉक्टरांना सांगायचं. जगणं नको वाटत असेल तर दोन आठवडे थांबायचंही नाही.

शेवटच्या भेटीत विषय होता तो कपड्यांच्या आत काय घालायचं याचा. सुरुवातीला कापसाचा किंवा फायबरचा हलका, मऊ कृत्रिम स्तन चालतो. सिलिकॉनचा, वजनाचा, जखम पूर्ण भरल्यावर, साधारण दीड-दोन महिन्यांनी, सर्जनना विचारून. काहीच न घालणं हाही पर्याय आहे, त्यासाठी कुणाला कारण द्यायची गरज नाही. सुनंदाताई बाहेर जाताना हलका लावतात, घरात काही नाही. रिकन्स्ट्रक्शनबद्दल, म्हणजे ऑपरेशनने स्तन पुन्हा घडवण्याबद्दल, रेडिएशन झाल्यावर ठरवायचं म्हणाल्या, आणि सर्जनना विचारायचे प्रश्न त्याच वहीत लिहून ठेवायला यजमानांना सांगितलं.