अंतराळातल्या काल्पनिक आरमारांमध्ये आधी काय ठरतं: जहाज की लढायची रीत?

तुमचा प्रश्न मला असा समजला: तुम्ही मराठीत अंतराळकादंबरी लिहिताय. लघुग्रहांवरच्या खाणकामगारांची वसाहत एका ग्रहाच्या बलाढ्य नौदलाशी लढते आहे, आणि लिहिता लिहिता दोन्ही बाजूंची जहाजं एकसारखीच व्हायला लागली आहेत. फरक काय, तर एकीकडे संख्या जास्त. म्हणून विचारताय की आधी जहाज रचायचं की आधी डॉक्ट्रिन, म्हणजे त्या नौदलाची लढायची ठरलेली रीत.

आधी डॉक्ट्रिन. आणि ते वाचकाला दाखवायचं असेल तर जहाजावर काय काय आहे त्याची यादी देऊ नका, काय नाही ते दाखवा. हे शहाणपण मला उशिरा आलं. कॉलेजात असताना मीही अशी एक कादंबरी सुरू केली होती. माझ्या जहाजावर लेझर होते, क्षेपणास्त्रं होती, ऊर्जेची ढाल होती, अदृश्य व्हायची सोय होती, दोनशे लढाऊ विमानं होती, शिवाय एक बाग होती. मित्राने चाळीस पानं वाचली आणि विचारलं, "एवढं सगळं आहे तर हे लढायला जातंच कशाला? नुसतं जाऊन उभं राहिलं तरी समोरचा हात वर करेल." कादंबरी एकेचाळिसाव्या पानाला पोचलीच नाही.

'स्टार वॉर्स'च्या १९७७ च्या पहिल्या चित्रपटात एक लहानसा प्रसंग आहे. नायकांचं जहाज मिलेनियम फाल्कन एका नुकत्याच उद्ध्वस्त झालेल्या ग्रहाच्या जागी पोचतं आणि जवळून जुलमी साम्राज्याचं एक एकटं छोटं लढाऊ विमान, टाय फायटर, निघून जातं. फाल्कनवरच्या ओबी-वान या जुन्या योद्ध्याच्या लगेच लक्षात येतं की एवढंसं विमान स्वतःच्या बळावर इतक्या लांब येऊच शकत नाही. टाय फायटरला हायपरड्राइव्ह, म्हणजे ताऱ्याताऱ्यांमधलं अंतर झटक्यात ओलांडणारं इंजिन, नसतो. म्हणजे त्याचा तळ इथेच कुठेतरी असणार, आणि तो तळ निघतो डेथ स्टार, साम्राज्याचं ग्रह उडवणारं प्रचंड अंतराळस्थानक. विमानात एक यंत्र नाही, एवढ्यावरून साम्राज्याची लढायची सगळी पद्धत कळते: मोठं जहाज किंवा तळ आधी जाणार, विमानं त्याच्या पोटातून बाहेर पडणार, आणि काम झालं की परत पोटात.

आणखी काय नाही? ढाल नाही. पायलटला जगवायची सोय विमानात नाही, ती त्याच्या अंगावरच्या पोशाखात. असं विमान हलकं, चपळ आणि ढिगाने बनवता येण्याजोगं होतं. पायलट गेला तर मागे रांग उभी आहे. शिवाय हायपरड्राइव्ह नसलेला पायलट पळून जाऊन साम्राज्याशी लढणाऱ्या बंडखोरांना मिळू शकत नाही. हा माझा तर्क आहे, पण हुकूमशाहीला तो सुचला नसेल असं मला वाटत नाही.

आता बंडखोरांचं एक्स-विंग बघा. त्याला ढाल आहे, हायपरड्राइव्ह आहे, मागच्या खोबणीत दुरुस्ती करणारा ड्रॉइड, म्हणजे यंत्रमानव, आहे. ज्यांच्याकडे पायलट मोजके आणि तळ आज इथे तर उद्या तिथे, त्यांना माणूस परत आणणारंच विमान लागणार. गंमत पुढे आहे. डेथ स्टारचा बंदोबस्त मोठ्या ताफ्याचा हल्ला गृहीत धरून केलेला असतो. एकट्या छोट्या विमानाला साम्राज्य धोक्यात मोजतच नाही, आणि दोन मीटरच्या एका भोकापायी सगळा डोलारा फुटतो. पण ते मोजतील तरी कसे? त्यांची स्वतःची छोटी विमानं टाकाऊ. जी वस्तू आपण रोज डझनाने वाया घालवतो, तीच दुसऱ्याच्या हातात आपला जीव घेईल हे सुचणं अवघडच.

इथे कुणीतरी मराठ्यांची गलबतं काढणारच, तर मीच काढतो. १६७९ मध्ये खांदेरीच्या वेढ्यात इंग्रजांची खोल बुडाची जहाजं किनाऱ्यालगत पाठलाग करू शकत नव्हती, आणि वल्ह्यांवर चालणारी मराठ्यांची उथळ बुडाची जहाजं नागावच्या खाडीतून निघून बेटावर रसद पोचवत होती. आता ही जहाजंसुद्धा टाय फायटरसारखी कमी पल्ल्याचीच. तीही तळाला बांधलेली. पण तळ म्हणजे स्वतःची खाडी असेल तर कमी पल्ला ही उणीव राहत नाही. तेव्हा 'छोटं जहाज म्हणजे गनिमी कावा' हे समीकरण डोक्यातून काढा. जहाज घरापासून किती लांब लढणार आहे, ते आधी विचारा. तुमच्या खाणकामगारांसाठी हा प्रश्न फार कामाचा आहे, त्याकडे शेवटी येतो.

दुसरं उदाहरण उलट्या बाजूने जाणारं आहे आणि मला ते जास्त आवडतं. डेव्हिड वेबर यांच्या ऑनर हॅरिंग्टन मालिकेत (पहिलं पुस्तक १९९३) अंतराळात नेल्सनच्या काळासारखी लढाई चालते. बाजूला तोफांच्या रांगा, जहाजांची एकसंध भिंत, कप्तानाच्या वळण घेण्याच्या कौशल्यावर निकाल. पण पोकळीत जहाज कुठेही तोंड करू शकतं, मग बाजूच्या तोफा कशाला? वेबर यांनी इंजिनच असं कल्पिलं की जहाजाच्या वर आणि खाली गुरुत्वाकर्षणाचे दोन पट्टे तयार होतात आणि त्यांतून काहीच आरपार जात नाही. दोन्ही बाजूंना त्याहून कमजोर पडदा. पुढून आणि मागून मात्र जहाज उघडं.

हा एक नियम मान्य केलात की बाकीचं आपोआप येतं. मुख्य मारा बाजूंनी होणार. शत्रूकडे सरळ तोंड करून जाणं म्हणजे उघडा गळा पुढे करणं. क्षेपणास्त्रं येताना दिसली की जहाज कुशीवर वळवून पोट किंवा पाठ पुढे करायची. शत्रूच्या नाकासमोरून आडवं जाता आलं तर अर्धी लढाई जिंकली. म्हणजे इथे लेखकाने आधी लढायची रीत निवडली, मग ती भाग पाडेल असं भौतिकशास्त्र रचलं, आणि जहाज सगळ्यात शेवटी आलं. काल्पनिक जगात तुम्हाला एवढी मुभा आहे. खऱ्या नौदलाला ती कधीच नसते.

त्याच पहिल्या पुस्तकात नायिकेच्या वाट्याला फिअरलेस नावाचं जुनं हलकं क्रूझर येतं. सोनिया हेम्पहिल या ॲडमिरलच्या हट्टापायी त्याची नेहमीची शस्त्रं बरीचशी काढून तिथे एक नवं अस्त्र बसवलेलं असतं. ते शत्रूचा बाजूचा पडदा पाडतं, पण अगदी जवळ गेलं तरच. सरावात पहिल्यांदा डाव साधतो. त्यानंतर सगळे सावध होतात आणि फिअरलेस पुन्हापुन्हा 'बुडतं'. जवळ पोचेपर्यंत तग धरायला लागतं तेच काढून टाकलंय. हेम्पहिलच्या गटाला पुस्तकात 'जून एकोल', म्हणजे 'तरुण पंथ', म्हणतात. हे नाव फ्रान्समधून उसनं घेतलेलं: १८८० च्या दशकात ॲडमिरल तेओफिल ओब यांच्या विचारांचे फ्रेंच अधिकारी म्हणत होते की ब्रिटनच्या महागड्या युद्धनौकांना स्वस्त टॉर्पेडो बोटी पुरे पडतील. पुढच्या पुस्तकांत याच हेम्पहिलबाईंच्या दुसऱ्या कल्पना युद्धाचं पारडं फिरवतात. लेखकाने त्यांना नुसतं मूर्ख ठरवून सोडलं नाही, हे मला फार आवडलं. नवं अस्त्र ठीक होतं, ते कोणत्या जहाजावर आणि काय काढून बसवलं तिथे चुकलं.

एका यशाने आरमारं कशी भुलतात ते खऱ्या इतिहासातही आहे. १८६६ मध्ये लिस्साच्या लढाईत ऑस्ट्रियाच्या 'फर्डिनांड मॅक्स'ने इटलीच्या 'रे दितालिया'ला धडक देऊन बुडवलं. पण 'रे दितालिया'चं सुकाणू आधीच निकामी झालं होतं आणि ते जवळपास जागच्या जागी उभं होतं. तरी त्यानंतर कित्येक वर्षं युरोपातली नौदलं युद्धनौकेच्या नाकाला धडकेसाठी पोलादी सोंड बसवत राहिली. १८९३ मध्ये अशाच एका सोंडेने ब्रिटिशांचं 'व्हिक्टोरिया' बुडालं, ३५८ माणसं गेली. धडक देणारं 'कॅम्परडाउन'ही ब्रिटिशांचंच होतं, दोघं सराव करत होती.

आता वेळेचा मुद्दा. जहाज तीस-चाळीस वर्षं वापरात राहतं, विचार त्याआधीच बदलतात. म्हणून कोणत्याही जहाजात ते रेखाटलं त्या दिवसाची भीती गोठलेली असते. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या टीव्ही मालिकेच्या २००३ पासूनच्या नव्या अवतारात हे झकास दाखवलंय. गॅलॅक्टिका हे माणसांच्या सायलॉन या यंत्रमानवांशी झालेल्या पहिल्या युद्धातलं जहाज. संगणक एकमेकांना जोडलेले नाहीत, फोन वायरचे, कारण तेव्हाचा शत्रू संगणकांतूनच आत शिरायचा. नव्या पिढीला हा म्हाताऱ्यांचा चक्रमपणा वाटतो. जहाज निवृत्त होऊन संग्रहालय व्हायच्या बेतात असतं. हल्ला होतो तेव्हा नवी, जोडलेली जहाजं एका कळीसरशी बंद पडतात, आणि संग्रहालयासाठी ठेवलेली जुनी व्हायपर विमानं उडतात. इथेही कथा एका न बसवलेल्या वस्तूवर उभी आहे.

पण जुन्या विचाराचं जहाज दर वेळी तारून नेत नाही. ब्रिटिश बॅटलक्रूझर (मोठ्या तोफांचं, वेगवान पण पातळ चिलखताचं जहाज) 'इन्व्हिन्सिबल'वर बारा इंची तोफा होत्या, वेग २५ नॉट होता, आणि कमरेचं चिलखत जेमतेम सहा इंच. क्रूझरची शिकार करायची आणि आपल्याहून दणकट कुणी दिसलं तर वेगाने निघून जायचं, या हिशेबाने ते ठीकच होतं. पण तोफा मोठ्या, म्हणून त्याला मोठ्यांच्या लढाईत उतरवलं गेलं. १९१६ मध्ये जर्मनांशी झालेल्या जटलंडच्या लढाईत ते फुटलं. हजाराहून जास्त माणसांपैकी सहा वाचली. त्या एका दिवशी ब्रिटिशांची अशी तीन जहाजं गेली, आणि त्यात झटपट मारा करण्याच्या नादात दारूगोळा हाताळताना केलेल्या निष्काळजीपणाचाही मोठा हात होता. तुमच्या कथेत पराभव हवा असेल तर शत्रूला जास्त तोफा देऊ नका. एखाद्या सेनापतीला चांगलं जहाज चुकीच्या कामाला लावू द्या.

'स्टार ट्रेक'वर थोडक्यात. १९८७ च्या मालिकेतल्या एंटरप्राइजवर कुटुंबं राहतात, मुलांची शाळा आहे. लढाई हे आपलं मुख्य काम नाही असं फेडरेशन, म्हणजे एंटरप्राइज ज्यांचं त्या ग्रहांचा संघ, स्वतःला सांगतं, म्हणून. मग बोर्ग नावाचे अर्धे माणूस अर्धे यंत्र असलेले शत्रू येतात, एका लढाईत ३९ जहाजं जातात, आणि आखलं जातं डिफायंट: छोटं, शाळा नाही, कुटुंबं नाहीत, नुसता मारा. आणि दप्तरी त्याचा वर्ग काय? 'एस्कॉर्ट'. संरक्षक सोबती! युद्धनौका बांधली, पण तसं म्हणायची लाज वाटली. नौदलाचा स्वभाव असा फॉर्मवर भरलेल्या नावातही सापडतो.

आता तुमचे खाणकामगार. ते घराच्या दाराशी लढतायत, तेव्हा त्यांच्या जहाजावर झोपायला जागा नको, स्वयंपाकघर नको, आठ तासांपलीकडची हवाही नको. वाचलेल्या वजनात माणसांभोवती जाड कवच घाला, कारण एक गेला तर बदली नाही. ग्रहाचं जहाज महिनोन्‌महिने बाहेर राहणार, तेव्हा तिथे कपडे धुवायची यंत्रं हवीत, दवाखाना हवा, आणि बंड मोडायला निघालंय म्हणून शंभर माणसांच्या कोठड्या हव्यात. कामगारांच्या जहाजावर कोठडी एकही ठेवू नका, त्यांना ती कधी सुचलेलीच नसेल. मग तिसऱ्या प्रकरणात त्यांच्या हाती पहिला कैदी लागू द्या, आणि आठ तासांची हवा मोजायला लावा.