जुन्या चित्रपटांवरील पॉडकास्ट : सुरुवात कशी करावी

जुन्या चित्रपटांवरील पॉडकास्ट ऐकायला सुरुवात कशी करावी, या आपल्या प्रश्नाला माझे पहिले उत्तर असे की आधी चित्रपट पाहावा आणि मगच त्यावरचा पॉडकास्टचा भाग ऐकावा. हा क्रम उलटला, तर निवेदकाचे मत आपलेच वाटू लागते. ही चूक मी स्वतः वर्षभर केली आहे.

भाग ऐकून झाल्यावर चर्चेतले एकच दृश्य पुन्हा पाहावे. १९४१ च्या 'सिटिझन केन' या चित्रपटात छायाचित्रणकार ग्रेग टोलंड यांनी वापरलेल्या डीप फोकसबद्दल, म्हणजे जवळचे आणि दूरचे एकाच वेळी स्पष्ट दिसेल अशा चित्रणाबद्दल, आपण हमखास ऐकाल. मोठी माणसे घरात बसून मुलाचे भवितव्य ठरवत असतात आणि त्याच चौकटीत, खिडकीबाहेर बर्फात खेळणारा तो मुलगाही स्पष्ट दिसतो. हे नुसते ऐकून उमगत नाही. दृश्य थांबवून आधी टेबलाकडे, मग खिडकीकडे पाहिले की उमगते.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका दोन.

१. एकदम दहा-बारा पॉडकास्ट मालिका ऐकायला सुरू करणे. दोन पुरेत.

२. किस्स्यांना इतिहास समजणे. चित्रीकरणाच्या गोष्टी सांगोवांगी फुगत जातात. म्हणून जो निवेदक आपली माहिती पत्रव्यवहारातून, मुलाखतीतून की निव्वळ ऐकीव गप्पांतून आली हे सांगतो, त्याला प्राधान्य द्यावे. (रंगवून सांगणारे अधिक मजेदार असतात, हे मान्य.)

भिंगांचे आकडे आणि फिल्मचे प्रकार तूर्त बाजूला ठेवावेत. संकलन आणि ध्वनी यांवरचे भाग आधी निवडावेत, कारण ध्वनीचे नमुने पॉडकास्टमध्ये प्रत्यक्ष ऐकवता येतात.