शंभर गाई, नऊ दुभत्या: गोशाळेचा खर्च कसा भागवावा?

प्रश्न: आमच्या संस्थानच्या गोशाळेत 100 देशी गोवंश आहे. दुभत्या गाई फक्त 9, बाकी भाकड गाई, बैल, गोऱ्हे. बागायत 6 एकर. उन्हाळ्यात चारा विकत घ्यावा लागतो, देणग्या पुरत नाहीत. दुभत्या गाई वाढवाव्यात का? शिवाय गांडूळ खताचे वाफे दोनदा बसले, गांडुळे मेली.

उत्तर: दुभत्या गाई वाढवू नका. देशी गाय वेताला सात-आठ महिने दूध देते, सहा-सात वेतांनंतर थांबते आणि पुढेही बरीच वर्षे तुमच्याच गव्हाणीवर राहते. आज आणलेली दुभती ही उद्याची भाकडच. त्यात निम्मी वासरे नर. महाराष्ट्रात 2015 पासून बैल-वळूंच्याही कत्तलीला बंदी आहे आणि तुमच्या नियमातही ते बसत नाही, म्हणजे प्रत्येक गोऱ्हा पंधरा-सोळा वर्षांचा खर्च घेऊन जन्मतो. मोकळा वळू कळपात फिरत असेल तर आधी तो वेगळा बांधा. गोऱ्ह्यांचे खच्चीकरण पशुवैद्यकाकडून करून घ्या. वर्षाला किती गाई गाभण ठेवायच्या ते ठरवा आणि तेवढ्यांनाच लिंगनिश्चित रेतमात्रा भरा. त्यातून साधारण 90 टक्के कालवडी होतात.

किती जनावरे पोसता येतील हे चाऱ्यावरून काढा. मोठ्या जनावराला रोज 12 किलो हिरवा आणि 4 किलो सुका चारा धरला तर शंभरांना दिवसाला 1,200 किलो हिरवा लागतो. फुले जयवंतसारख्या वाणाचे संकरित नेपियर गवत नीट पाणी-खत दिल्यास एकरी वर्षाला 60 टन निघते, म्हणजे रोज सुमारे 164 किलो. सहा एकरांत 80 जनावरे भागतात, 100 नाही. तेही सरासरीने: पावसाळ्यात चारा उतू जातो, थंडीत नेपियर थबकते. म्हणून जुलै ते सप्टेंबरचा जादा चारा आणि चिकात आलेला मका कुट्टी करून मुरघासात, म्हणजे हवाबंद खड्ड्यात, दाबा. एक घनमीटर खड्ड्यात 500 ते 600 किलो बसतो, 45 दिवसांनी उघडता येतो. नीट न दाबल्यास हवा राहते, बुरशी येते. बुरशीचा थर जनावरांना घालू नका. कडबा सुगीतच वर्षाचा घ्या, 146 टन लागेल. तोही कुट्टी करूनच घाला, अख्ख्या पेंढ्यांतला बराच पायाखाली जातो.

आता शेण. भाकड गायही रोज आठ-दहा किलो शेण देते आणि तेच तुमचे खरे पीक. रोज 700 किलो गोळा झाले तर 400 किलो बायोगॅसला द्या. 25 किलो शेणाला साधारण एक घनमीटर गॅस धरला तर 16 घनमीटर, म्हणजे सुमारे 7 किलो स्वयंपाकाच्या गॅसइतके. अन्नछत्र असेल तर सिलिंडरचा खर्च इथेच वाचतो. शेणात तेवढेच पाणी कालवा. गोठा फिनेलने धुतलेले पाणी संयंत्रात गेले तर जिवाणू मरतात आणि गॅस बंद पडतो.

उरलेल्या 300 किलोंचे गांडूळ खत. तुमची गांडुळे बहुधा ताज्या शेणाच्या उष्णतेने मेली. शेण सावलीत 10 ते 15 दिवस पसरून थंड करा, हात घालून गार लागले तरच गांडुळे सोडा. दुसरे संभाव्य कारण जंतनाशक: आयव्हरमेक्टिन दिलेल्या जनावरांचे शेण निदान दोन आठवडे वाफ्यात घालू नका, साध्या उकिरड्यात जाऊ द्या. 10 × 3 फुटांचा, दीड फूट उंच वाफा दोन महिन्यांत तयार होतो. या शेणाला असे सुमारे 24 वाफे लागतील. पिशवीत भरून विकायचे तर खत नियंत्रण आदेश 1985 लागू होतो. ओलावा 15 ते 25 टक्क्यांत हवा. आधी गावातल्या शेतकऱ्यांची मागणी नोंदवा, वाफे मगच वाढवा. जीवामृत (शेण-गोमूत्राचे आंबवलेले द्रव खत) विकत असाल तर त्याच आठवड्यात उचल होईल एवढेच करा. घट्ट झाकलेले कॅन फुगतात, प्रसंगी फुटतात. गोमूत्र अर्क औषध म्हणून विकायला परवाना लागतो, त्या वाटेला घाईने जाऊ नका.

शासनाच्या 2024 च्या निर्णयानुसार देशी गाईला रोज 50 रुपये अनुदान आहे. त्यासाठी महाराष्ट्र गोसेवा आयोगाकडे नोंदणी, 3 वर्षांचा अनुभव, किमान 50 गोवंश आणि प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला हवा. बिल्ला पडला की लगेच नवा मारून घ्या.

राहिला गोग्रास. भाविक पोळ्या, भात, पेढे घालतात. एकदम जास्त पोटात गेले की आम्लता होते, गाय रवंथ थांबवते, उपचार उशिरा झाल्यास दगावतेही. दारातच 'एका गाईचा एका दिवसाचा चारा' अशी पावती ठेवा आणि गव्हाणीत हात घालायला बंदी करा.