इंग्लंडमधल्या घराण्याची वंशावळ जनगणना आणि थडग्यांवरून कशी काढायची?

प्रश्न: जावई इंग्लंडचा आहे. नातवासाठी त्याच्या बाजूची वंशावळ करायची आहे. त्याचे आजोबा 1912 साली लँकेशायरमध्ये जन्मले, एवढंच ठाऊक आहे. जनगणना आणि थडग्यांवरून किती मागे जाता येईल? सुरुवात कुठून करू?

उत्तर: जनगणनेवरून 1841 पर्यंत जाता येतं. त्या साली घरात एखादी म्हातारी सापडली, तर तिच्या जन्माचा अंदाज थेट अठराव्या शतकात जातो. त्यामागे चर्चच्या नोंदवह्या लागतात.

आपल्याकडे 1948 च्या जनगणना कायद्यामुळे घराघरांतली माहिती कायमची गोपनीय राहते. इंग्लंडमध्ये ती 100 वर्षांनी खुली होते. सध्या 1841 पासून दर दहा वर्षांची, 1921 पर्यंतची पानं पाहता येतात. 1931 ची जनगणना डिसेंबर 1942 च्या आगीत जळाली आणि 1941 ला युद्धामुळे झालीच नाही. म्हणजे 1921 नंतरची पुढची नावानिशी जनगणना 1951 ची, आणि ती 2052 मध्ये खुली होईल. मधली पोकळी भरायला 29 सप्टेंबर 1939 ची युद्धकालीन नोंदवही आहे. तिच्यात पूर्ण जन्मतारीख मिळते, शिवाय लग्नानंतर बदललेली आडनावं पुढे कित्येक वर्षं त्याच पानावर वर लिहिली जात होती. त्यामुळे मुलीचं माहेर आणि सासर एकाच ओळीत सापडतं.

तुमच्याकडे 1912 हे साल आहे, ते उत्तम. इंग्लंड आणि वेल्सच्या जन्मसूचीत सप्टेंबर 1911 च्या तिमाहीपासून आईचं माहेरचं आडनाव छापलेलं असतं (सरकारी जनरल रजिस्टर ऑफिसच्या नव्या सूचीत ते 1837 पासूनच्या जन्मांनाही दिलं आहे). फ्रीबीएमडी या संकेतस्थळावर ही सूची फुकट शोधता येते. मात्र तिमाही जन्माची नसून नोंदणीची असते आणि नोंदणीला 42 दिवसांची मुदत असे. डिसेंबरात जन्मलेलं मूल पुढच्या सालच्या मार्चच्या तिमाहीत निघू शकतं. तेव्हा 1912 मध्ये नाही मिळालं तर 1913 ची पहिली तिमाहीही बघा. सूचीवर थांबू नका, दाखला मागवा. आई आणि बाप दोघांची नावं आणि बापाचा धंदा दाखल्यावरच मिळतो.

मग 1921 च्या जनगणनेत आठ-नऊ वर्षांचा मुलगा शोधा. त्या पानावर नोकरी करणाऱ्याच्या मालकाचं नावही असतं, म्हणजे पणजोबा नेमक्या कुठल्या गिरणीत होते ते कळू शकतं. तिथून त्याच्या आई-बापांचा माग काढत 1911 ला या. हे पान फार मोलाचं आहे, कारण प्रगणकाने उतरवलेली प्रत नव्हे, तर घरच्या माणसाच्या हातचा मूळ कागद जपलेला आहे. त्यावर लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, किती हयात आणि किती गेली, असे रकाने आहेत. ते फक्त विवाहित बाईसाठी होते, पण पुष्कळ विधवा-विधुरांनीही भरले आणि नंतर कारकुनांनी त्यांवर रेघ मारली. रेघेखालचे आकडे वाचता येतात, ते सोडू नका. ‘जन्मली सात, हयात पाच’ असं असेल तर दोन मुलं वारली. ती दोन जनगणनांच्या मधे येऊन गेली असतील तर कुठल्याच जनगणनेत दिसणार नाहीत. त्यांना मृत्यूसूचीत आणि थडग्यांवरच शोधावं लागतं.

1841 ते 1901 ची पानं मात्र नकला आहेत. घरोघरी भरलेल्या कागदांवरून प्रगणक वहीत उतरवून काढी आणि मूळ कागद पुढे नष्ट झाले. म्हणून चुका दोनदा झाल्या: एकदा प्रगणकाकडून, दुसऱ्यांदा आज संगणकात नाव टंकणाऱ्याकडून. नाव सापडत नसेल तर माणूस नव्हताच असं समजू नका. आडनावच टाकू नका. नुसतं पहिलं नाव, वय आणि जन्मगाव टाकून शोधा. घरातल्या सर्वांत वेगळ्या नावाच्या भावंडाला धरा, कारण जॉन आणि मेरी हजारोंनी आहेत. पत्ता ठाऊक असेल तर रस्त्यावरून शोधा. सूचीवर विसंबू नका, पानाचं चित्र उघडा. मोजणी करणाऱ्या कारकुनांनी वयावर मारलेल्या तिरक्या रेघांमुळे 3 चा 8 झालेला दिसतो.

1841 चं पान वेगळंच प्रकरण आहे. त्यात नाती लिहिलेली नाहीत. एका घरात चाळिशीचा पुरुष, चाळिशीची बाई आणि तीन मुलं दिसली तर नवरा-बायको असतीलच असं नाही; भाऊ-बहीण आणि पुतणेही असू शकतात. पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणायचं होतं, म्हणून 38 चा माणूस 35 चा दिसतो. पानावर 35 असेल तर जन्म 7 जून 1801 ते 6 जून 1806 मधला धरायचा, कारण जनगणनेची रात्र 6 जूनची होती. तेही प्रगणकाने नियम पाळला असेल तर. जन्मगावही नाही, फक्त याच परगण्यात (काउंटीत) जन्मला का, याचं हो किंवा नाही. म्हणून 1851 चं पान आधी मिळवा: नातं, नेमकं वय, जन्माचं गाव सगळं तिथे सुरू होतं.

नात्याच्या शब्दांनीही फसायला होतं. त्या काळी ‘सन-इन-लॉ’ म्हणजे जावईच असं नाही, सावत्र मुलालाही तेच म्हणत. सहा वर्षांचा ‘सन-इन-लॉ’ दिसला तर बाईचं हे दुसरं लग्न आहे आणि पोराचं आडनाव पहिल्या नवऱ्याचं असणार. हा एक शब्द बऱ्याचदा अख्खी नवी शाखा उघडतो.

मुलांच्या जन्मगावांची माळ ओवा. थोरला यॉर्कशायरच्या खेड्यात, मधली ओल्डहॅमला, धाकटा मँचेस्टरला जन्मलेला असेल तर कुटुंब कापडगिरण्यांमागे कसं सरकलं ते समोर येतं, आणि लग्न पहिल्या गावाच्या आसपास शोधायचं हेही ठरतं. लँकेशायरमध्ये आयरिश वंश निघण्याची शक्यता बरीच असते. तेव्हा पानावर बहुधा नुसतं ‘आयर्लंड’ एवढंच मिळतं आणि पुढची वाट अवघड होते: तिकडच्या 1821 ते 1851 च्या जनगणनेची बहुतेक पानं 1922 मध्ये डब्लिनला जळाली, नंतरची 1891 पर्यंतची सरकारनेच नष्ट केली. 1901 आणि 1911 ची शाबूत आहेत आणि फुकट पाहता येतात.

आता थडगी. इथे आधी एक भ्रम सोडावा: गिरणी कामगारांपैकी पुष्कळांना दगड लाभलाच नाही. दगड नाही म्हणजे दफनाची नोंद नाही असं मात्र नव्हे. चर्चच्या दफननोंदीसाठी 1813 पासून छापील नमुना आहे: नाव, राहण्याचं ठिकाण, दफनाची तारीख, वय. 1850 च्या दशकापासून नगरपालिकांची दफनभूमी सुरू झाली; तिथल्या नोंदवहीत कबरीचा क्रमांक असतो. तो क्रमांक देऊन ‘या कबरीत आणखी कोण आहे?’ असं कार्यालयाला विचारा. एका खड्ड्यात एकावर एक चार-पाच माणसं असतात आणि दगडावर त्यातल्या दोघांचीच नावं असतात. लँकेशायर ऑनलाइन पॅरिश क्लार्क या संकेतस्थळावर तुमच्या परगण्याच्या पुष्कळ चर्च-नोंदी फुकट आहेत.

जावई प्रत्यक्ष जाणार असेल तर त्याला सांगा: ऊन तिरपं असताना, सकाळी किंवा संध्याकाळी जा. समोरून फोटो काढून अक्षर उठत नाही. बाजूने आरशाने ऊन पाडलं किंवा टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून धरली की झिजलेली अक्षरंही सावलीने दिसू लागतात. शेवाळ असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश, व्हिनेगर, ब्लीच, दाढीचा फेस, खडूची भुकटी यांतलं काहीही नको. संगमरवर आणि चुनखडी आम्लाने विरघळते, वालुकाश्माचे पापुद्रे ब्रशबरोबर निघतात आणि मजकूर कायमचा जातो. स्लेटचा दगड मात्र दोनशे वर्षांनीही नवा वाटतो. शिशाची अक्षरं गळून गेली असतील तर ती बसवण्यासाठी पाडलेली बारीक भोकं राहतात, त्यांच्या रांगेवरून अक्षर ओळखता येतं. दगडाच्या मागच्या बाजूचा, पायाशी गवतात बुडालेल्या ओळींचा आणि डाव्या-उजव्या शेजारच्या कबरींचाही फोटो काढावा. विवाहित लेक माहेरच्यांशेजारी निजलेली असू शकते.

दगडावरचं वय वाचताना एक बारकावा आहे. ‘वय 61’ आणि ‘वयाच्या 62 व्या वर्षी’ हे एकच. समजा एक बाई 14 नोव्हेंबर 1889 ला ‘62 व्या वर्षी’ वारली. म्हणजे 61 पूर्ण, जन्म 15 नोव्हेंबर 1827 ते 14 नोव्हेंबर 1828 मधला. तीच बाई 30 मार्च 1851 च्या रात्री 22 वर्षांची नोंदली आहे. म्हणजे जन्म 31 मार्च 1828 ते 30 मार्च 1829 मधला. दोन्ही पट्ट्या जिथे एकमेकींवर येतात ते साडेसात महिने उरतात: मार्च 1828 अखेर ते नोव्हेंबर 1828. नागरी नोंदणी 1 जुलै 1837 ला सुरू झाली, त्यामुळे पुढचा शोध त्या गावच्या चर्चच्या बाप्तिस्मा-वहीत. पण बाप्तिस्मा काही वेळा वर्षांनी होई, म्हणून वही चार-पाच वर्षं पुढेपर्यंत चाळा. पट्ट्या जुळल्याच नाहीत तर कोण सांगत होतं ते बघा. जनगणनेत वय घरमालक सांगे, कधी बायकोचं कमी करून. दगडावरचं वय मुलं सांगत, आईला जाऊन कधी दहा वर्षं उलटल्यावर. दोघांनाही जन्माच्या वेळी हजर असण्याचं कारण नव्हतं.

फार मागे गेलात तर 1752 आधीच्या तारखांना जपा. तोवर इंग्लंडचं नवं वर्ष 25 मार्चला लागे. 10 फेब्रुवारी 1730 असं कोरलं असेल तर आपल्या हिशेबाने ते 1731.

दगडावर नाव आहे म्हणून माणूस तिथेच पुरला असंही नाही. ‘जो मुंबईत मरण पावला’ अशी ओळ आई-बापांच्या दगडावर खाली जोडलेली असू शकते. तसं निघालं तर ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे (ब्रिटिश सरकारच्या भारतविषयक खात्याचे) दप्तर बघा. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं तिथे एन/3 या मालिकेत आहेत, बंगाल एन/1 आणि मद्रास एन/2.

प्रत्येक पानाचा संदर्भ पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा. अभिलेखागारातला मालिका-क्रमांक 1851 ला एचओ 107, 1861 ला आरजी 9, पुढे दर जनगणनेला एकेक वाढत 1921 ला आरजी 15. 1901 पर्यंत त्यामागे पीस (मालिकेतला खंड), फोलिओ (दोन्ही अंगांचा मिळून एक कागद) आणि पान क्रमांक. फोलिओचा आकडा पानाच्या एकाच अंगावर छापलेला असतो. तुमच्या चित्रावर तो दिसत नसेल तर मागचं चित्र उघडा, तोच आकडा दोन्ही अंगांना लागू.