रात्रीचा फोन उचलताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र परवा मिळाले आणि मी ते दोनदा वाचले. सर्जरीच्या पदव्युत्तर शिक्षणातील पहिल्या तीन महिन्यांचे जे वर्णन तू केले आहेस, त्यातील ड्युटीचे तास, उभ्याउभ्या उरकलेली जेवणे आणि झोपेअभावी जड झालेले डोके यांविषयी मी आज काही लिहीत नाही. मला लिहायचे आहे ते तू शेवटी दोन ओळींत आटोपलेल्या गोष्टीविषयी. सकाळच्या राउंडला तुझ्या सीनियरने सगळ्या वॉर्डासमोर केस पेपर तुझ्या अंगावर भिरकावला, आणि त्याच रात्री पावणेतीन वाजता फोन करणाऱ्या इंटर्नला तू ‘एवढेही कळत नाही का, एमबीबीएस कसा झालास’ असे सुनावलेस. या दोन्ही ओळी तू एकाखाली एक लिहिल्या आहेस, त्या अर्थी त्यांचा एकमेकींशी असलेला संबंध तुला जाणवला असावा.

माझ्या नोकरीतला एक प्रसंग सांगते. रात्रीची इमर्जन्सी होती, आतडे फुटलेला पेशंट होता आणि भूल देण्यासाठी मी होते. सर्जन हाताने अत्यंत कुशल. त्यांच्या कौशल्याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. अर्ध्या तासात एक फोर्सेप्स, म्हणजे पकडण्याचा चिमटा, नीट बसली नाही म्हणून त्यांनी ती फरशीवर आपटली आणि हात निर्जंतुक करून हत्यारे द्यायला उभ्या असलेल्या नव्या सिस्टरला तिच्या गावावरून आणि तिच्या नर्सिंग कॉलेजवरून बोलले. पुढचे दोन तास थिएटरमध्ये कोणी अवाक्षर काढले नाही. पोट बंद करण्याची वेळ आली तेव्हा ती सिस्टर मॉप, म्हणजे पोटातले रक्त टिपायच्या कापडी घड्या, मोजत होती. मास्कच्या आत तिचे ओठ हलताना मला दिसत होते. तिने एकदा मोजले, पुन्हा मोजले, खाली बादलीकडे पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले. सर्जनने टाके घालण्यासाठी हात पुढे केला, तशी तिने मुकाट्याने नीडल होल्डर त्यांच्या हातात दिला. तेव्हा मी मोठ्याने विचारले, ‘सिस्टर, मॉप किती?’ ती इतक्या हळू बोलली की, मला पुन्हा विचारावे लागले. ‘मॅडम, एक कमी आहे.’ तो मॉप डाव्या बाजूला, प्लीहेच्या मागे सापडला. पेशंट बरा होऊन घरी गेला. त्या क्षणी माझी नजर मॉनिटरवर असती तर काय झाले असते, हा विचार मात्र इतक्या वर्षांनंतरही माझी पाठ सोडत नाही.

त्या सिस्टरला मोजता येत होते, आकडा चुकला आहे हे तिला कळले होते आणि तो सांगणे हे आपले काम आहे हेही ती शिकलेली होती. फक्त तो आकडा तोंडातून बाहेर काढायचा तर पुन्हा त्या माणसाच्या तोंडी लागावे लागणार होते, आणि दोन तासांपूर्वी त्याची किंमत काय पडते ते तिने अनुभवले होते. रुग्णालयातील उद्धटपणाचे नुकसान मला नेहमी इथे दिसते. ज्याला बोलणी बसतात त्याचा दिवस वाईट जातो हे खरेच, पण ज्या पेशंटच्या जिवासाठी एक वाक्य वेळेवर उच्चारले जायला हवे होते, त्याला ते मिळत नाही. भूल दिलेल्या त्या पेशंटला आपल्या ऑपरेशनच्या वेळी कोण गप्प झाले आहे, याची कल्पनाही नव्हती.

आता हे केवळ माझ्या अनुभवाचे बोल राहिलेले नाहीत. २०१५ मध्ये इस्रायलमधील संशोधकांनी नवजात अतिदक्षता विभागांतील २४ पथकांचा सराव घेतला. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची प्रकृती अचानक ढासळते, असा तो बनाव होता. परदेशी तज्ज्ञ म्हणून ओळख करून दिलेली एक व्यक्ती काही पथकांशी सौम्य पण अपमानकारक बोलली आणि इतरांशी साधेपणाने. त्या बोलण्याचा पथकाच्या कामाशी काडीचाही संबंध नव्हता. तरीही अपमान झालेल्या पथकांचे निदान आणि प्रत्यक्ष उपचार दोन्ही कमी प्रतीचे ठरले, कारण त्यांच्यात एकमेकांना माहिती सांगणे आणि मदत मागणे कमी झाले होते. त्यात कोणी ओरडले नव्हते, कोणी काही फेकलेही नव्हते. आपल्याकडे ज्याला लोक ‘सर जरा बोलतात, पण मनाने चांगले आहेत’ म्हणतात, तेवढेच ते होते.

दुसरा अभ्यास माझ्या विषयातला असल्यामुळे मला अधिक लागला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भूलशास्त्र शिकणाऱ्या ७६ निवासी डॉक्टरांसमोर शस्त्रक्रियेदरम्यान लपलेल्या रक्तस्रावाचा प्रसंग उभा केला होता. निम्म्यांच्या वाट्याला उद्धट सर्जन आला होता. साध्या वातावरणात शेकडा ९१ जणांचे काम अपेक्षित दर्जाचे झाले, उद्धट सर्जनसमोर ते प्रमाण शेकडा ६४ पर्यंत घसरले. आपले काम कसे झाले असे विचारल्यावर मात्र दोन्ही गटांनी स्वतःला सारखेच गुण दिले.

हे शेवटचे वाक्य तू नीट लक्षात घ्यावेस, कारण त्यात तुझ्यासाठी रोजच्या उपयोगाची गोष्ट आहे. बोलणी खाल्ल्यानंतर आपले डोके ठिकाणावर नसते आणि ते तसे नाही हे आपल्याला कळतही नाही. म्हणून अशा वेळी स्वतःच्या खात्रीवर विसंबू नकोस. पुढचा अर्धा तास रात्रभर जागलेल्या माणसाप्रमाणे स्वतःला वागव. औषधाचा डोस दुसऱ्यांदा मांड, अँप्यूलवरचे नाव मोठ्याने वाच, रक्ताची पिशवी लावण्यापूर्वी सिस्टरला सोबत घेऊन नाव आणि नंबर ताडून पाहा. ‘सिस्टर, मला आत्ता दुसरी नजर हवी आहे’ असे म्हणण्यात कमीपणा नाही. नातेवाइकांनी आरडाओरडा केल्यानंतरही हेच कर. कॅज्युअल्टीत तर ती वेळ वारंवार येईल.

तू विचारले आहेस की, दरारा नसेल तर काम होते का. मी चाळीस वर्षे सर्जनांच्या शेजारी उभी राहिले आहे आणि माझे उत्तर स्पष्ट आहे: काम होते, आणि अधिक चांगले होते. मात्र सभ्यता म्हणजे मऊपणा असा गैरसमज करून घेऊ नकोस. रक्ताची चिळकांडी उडत असताना ‘क्लॅम्प. सक्शन इथे. लाइट खाली’ असे तुटक आणि चढ्या आवाजात बोलावेच लागते. त्याने कोणी दुखावत नाही, कारण तो आवाज कामाशी बोलत असतो. तो आवाज माणसाच्या जातीशी, गावाशी, कॉलेजशी किंवा अकलेशी बोलू लागला की, मर्यादा ओलांडली गेली. चूक झाली तर ती चूक म्हणूनच सांग, पण राउंड संपल्यावर, ड्युटी रूममध्ये, दार लावून, आणि नेमकी: ‘लघवीचे प्रमाण चार तास नोंदलेले नव्हते, ते मला लगेच कळायला हवे होते.’ असे वाक्य त्या मुलाच्या वर्षानुवर्षे स्मरणात राहील.

वॉर्डातील संबोधनांकडेही लक्ष दे. ज्या मामांनी आणि मावशींनी तुझ्या जन्माआधीपासून तिथे स्ट्रेचर ओढले आहेत, त्यांना तेवीस-चोविशीतले डॉक्टर अरे-तुरे करतात, हे मला कधीच सहन झाले नाही. पेशंट ‘वेगळाच दिसतोय’ हे पुष्कळदा मावशींना आपल्याआधी कळते, आणि ज्याला तुम्ही अहो-जाहो करता तो माणूस धावत येऊन सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया सुरक्षा तपासयादीत छेद घेण्याआधी प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे, असे कलम आहे. दिल्लीसह जगातील आठ शहरांत ती यादी वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. हे सारे श्रेय नावे सांगण्याला देता येणार नाही, यादीत इतरही बरेच आहे. पण आपल्याकडे ‘सगळे ओळखतात एकमेकांना’ म्हणून नेमके हेच कलम गाळले जाते. त्या रात्री मॉप मोजणाऱ्या मुलीचे नाव सर्जनला ठाऊक नव्हते, आणि मलाही नव्हते. मीही तिला ‘नवीन सिस्टर’च म्हणत होते.

तुझ्या सीनियरविषयी. एका दिवसाचा राग असेल तर दोन दिवसांनी त्याला एकटे गाठून सांग की, पेपर फेकल्यानंतर त्या राउंडमध्ये पुढे काय सांगितले गेले ते तुझ्या डोक्यात शिरले नाही. हे रोजचे होत असेल तर तारीख, वेळ आणि साक्षीदार लिहून ठेव आणि विभागप्रमुखांकडे लेखी जा. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे आणि तो पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही संरक्षण देतो. यात माझी गरज लागली तर मी आहे.

आणि आता तुझ्या इंटर्नविषयी. लेक्चरर असताना मीही एका हाउसमन, म्हणजे कनिष्ठ निवासी डॉक्टर, मुलीला रात्रीच्या फोनवर असेच झिडकारले होते. त्यानंतर सहा महिन्यांत तिने मला रात्री एकदाही उठवले नाही. ती तयार झाली, असे मी समजत होते. तिची टर्म संपताना तिने धीर करून सांगितले की, ती रात्री दुसऱ्या युनिटच्या रजिस्ट्रारला, म्हणजे तिच्याहून वरिष्ठ निवासी डॉक्टरला, विचारत असे, आणि तो नसला तर सकाळची वाट पाहत असे. त्या सकाळपर्यंत थांबलेल्या पेशंटची नावे मला कधीच कळणार नाहीत.

तुझ्या इंटर्नची पुढची नाईट शनिवारी आहे, असे तू लिहिले आहेस. त्याआधी त्याला भेट. माफी थोडक्यात माग. ती लांबवलीस तर त्यालाच अवघडल्यासारखे होईल. मग पावणेतीनला त्याने ज्या पेशंटसाठी फोन केला होता, तो आता कसा आहे ते विचार आणि त्याच्यासोबत त्या खाटेपर्यंत जाऊन ये. काय कळले ते मला लिही.

तुझी,
मॅडम