अमेरिकेत छोटी, साधी पिकअप आता नवी का मिळत नाही?

तुम्ही लिहिलंय की मिनेसोटात घर घेतलं, बागेची माती, लाकूड, जुनं फर्निचर ने-आण करायला दोन दारांची छोटी पिकअप नवी घ्यायची होती, पण एकाही शोरूममध्ये ती मिळेना. असं का झालं आणि आता घ्यायचं काय, हे तुम्हाला हवंय. दोन्ही सांगतो. पण तुमचा प्रश्न वाचला आणि मला 2018 चा सप्टेंबर आठवला, त्यामुळे आधी ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

माझ्याकडे पंधरा वर्षं फोर्डची रेंजर होती. 2003 चं मॉडेल, चार सिलिंडर, पाच गिअर हाताने टाकायचे, काचाही हातानेच फिरवायच्या, मागे सहा फुटी हौदा. सेंट पॉलमध्ये मिसिसिपीच्या काठावर फोर्डचा कारखाना होता, 1925 पासूनचा. त्याला लागणारी वीज नदीवरच्या धरणातून यायची. तिथेच रेंजर बनायची. डिसेंबर 2011 मध्ये तिथून शेवटची रेंजर बाहेर पडली आणि कारखाना बंद झाला. आता त्या जागेवर नवी वस्ती उभी आहे. तिथून जाताना मला अजूनही वाईट वाटतं.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, पिंपळगाव बसवंतच्या बाजूचे. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचा माल वाहिला. आधी मॅटाडोर, मग छोटा हत्ती. टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की 20 किलोची क्रेट भरून पहाटे मार्केटला, परत येऊन दुसरी खेप. नाना पहिल्यांदा इथे आले तेव्हा घर बघायच्या आधी रेंजरभोवती फिरले. हौद्याच्या आतल्या पत्र्याला दोन्ही बाजूंना खाचा असतात, तिथे त्यांनी बोट घातलं आणि हे कशासाठी म्हणून विचारलं. मी गॅरेजमधून दोन फळ्या आणल्या, त्या खाचांमध्ये आडव्या बसवल्या आणि वर आठ बाय चारचं प्लायवूड टाकलं. चाकांवरच्या उंचवट्यांना न अडता ते सपाट बसलं, मागचा फाळका खाली टाकला की जवळजवळ पूर्ण आधार. नाना म्हणाले, "हे ज्यानं केलं त्यानं स्वतः माल भरलेला आहे."

मग त्यांनी बाजूच्या कडेवरून हात आत घातला. जमिनीवर उभं राहून. बोटं हौद्याच्या तळाला टेकली. त्यांच्या हिशेबात माल वाहायच्या गाडीची परीक्षा एवढीच. एकट्या माणसाला खालून हात लागला तर गाडी कामाची, वर चढावं लागलं तर प्रत्येक खेपेला दुसरा माणूस लागणार आणि त्याची मजुरी लागणार.

आमच्या मराठी मंडळाचा गणपती चौदा वर्षं माझ्या रेंजरमधून गेला. पेणची शाडूची मूर्ती, अडीच फुटांची, चांगली जड. खाली गोधडी, मूर्तीच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. (या 60 पौंडांच्या लांब पिशव्या इथे थंडीत मिळतात. मागची चाकं बर्फात घसरू नयेत म्हणून त्या चाकांच्या आसावर ठेवायच्या, आणि गाडी अडकलीच तर एक फोडून वाळू चाकाखाली टाकायची. मी त्या वर्षभर सांभाळून ठेवायचो.) हॉलपाशी पोचलं की फाळका खाली टाकायचा. तो माझ्या मांडीच्या वर, कमरेच्या जरा खाली यायचा. मूर्ती उचलायची नाहीच, गोधडीसकट पुढे ओढायची आणि दोघांनी हातांवर घ्यायची. चौदा वर्षांत साधा ओरखडा नाही.

2018 च्या वसंतात मी ती विकली. इथे रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने खालचं लोखंड खाल्लं होतं. मागच्या पाट्याची शॅकल, म्हणजे पाटा चेसीला धरून ठेवणारी कडी, तुटली, ती बदलली, मग दुसऱ्या बाजूची. आमचे साडू इथेच राहतात. त्यांच्याकडे तेव्हा मोठी चार दारांची पिकअप होती, कंपनीचं नाव घेत नाही. ते दर रविवारी म्हणायचे, काढून टाका, पोरं मोठी झाली, दोन सीटच्या गाडीचं काय करणार, काही न्यायचं असलं तर माझी आहेच की. ऐकलं मी. निर्णय माझा होता, हे मान्य करतो. छपरं बसवायची कामं करणारा एक माणूस रोख पैसे घेऊन आला. बॉनेट उघडायच्या आधी त्याने काय केलं असेल? कडेवरून हात घालून तळाला लागतो का ते बघितलं. मला त्याच क्षणी व्यवहार मोडावासा वाटला होता.

त्या सप्टेंबरात नाना इथेच होते. मूर्ती साडूंच्या पिकअपमधून न्यायची ठरली. त्या गाडीची कड माझ्या खांद्याला लागते. वर हौद्याला फायबरचं झाकण, म्हणजे बाजूने काही करताच येत नाही, जे काही घ्यायचं ते मागूनच. फाळका खाली पाडला तरी छातीच्या जवळपास. मंडळाचे खजिनदार झाकणाखाली गुडघ्यांवर रांगत आत गेले आणि मूर्ती पुढे ढकलू लागले. खाली मी आणि साडू, कोपर वर करून. एवढ्या उंचीवर जड वस्तू हातांवर घेता येत नाही, ती अंगावर घ्यावी लागते. नाना मागून म्हणत होते, थांबा, आधी खाली टेबल लावा. टेबल आणायला पोरगा पळाला होता, पण मूर्ती तोवर अर्धी बाहेर आली होती. खजिनदारांचा गुडघा गोधडीवर होता. गोधडी अडली, मूर्ती तिरकी झाली आणि आशीर्वादाचा हात फाळक्याच्या कडेला लागून मनगटापासून तुटला.

हॉलच्या दारात मुली लेझीम घेऊन उभ्या होत्या. कुणालाच काय करावं ते कळेना. गुरुजींनी सांभाळून घेतलं. म्हणाले, प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, दोष काही नाही, दुसरी मूर्ती आणा. एका घरून नऊ इंचांचा पितळी गणपती आला आणि एवढ्या मोठ्या मखरात तो बसवला. भंगलेल्या मूर्तीचं विसर्जन आम्ही संध्याकाळी माझ्या गॅरेजमध्ये पिंपात केलं. शाडू विरघळेपर्यंत नाना तिथे खुर्ची टाकून बसून होते. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "उभ्यानं उतरवायचा माल होता, वर चढून उतरवला."

साडूंचं म्हणणं तेव्हापासून आजपर्यंत एकच आहे, की तिघांचा ताळमेळ नव्हता, गाडीचा काय दोष. माझं म्हणणं, ताळमेळाची गरजच पडते ती गाडी उंच आहे म्हणून.

आता तुमचा प्रश्न.

इथे कुणालाही विचारा, तुम्हाला "चिकन टॅक्स"ची गोष्ट सांगतील. ती खरी आहे. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढवली, म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी डिसेंबर 1963 मध्ये बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर 25 टक्के आयात कर लावला. बाकीच्यांवरचा पुढे उठला, ट्रकवरचा राहिला. फोक्सवॅगनच्या पिकअप त्यामुळे इथून गेल्या. जपान्यांनी तोड काढली. हौदा न बसवलेली गाडी 4 टक्के करात आणायची आणि हौदा इथे आल्यावर चढवायचा. 1980 मध्ये तीही वाट बंद झाली. पण एवढ्यावर थांबणारे लोक अर्धवट सांगतात. कर असतानाच छोट्या पिकअपचा सुवर्णकाळ आला! तेलाच्या टंचाईनंतर लोकांना त्या हव्याच होत्या, म्हणून 1982 मध्ये रेंजर आणि शेव्हर्लेची एस-10 इथेच बनायला लागल्या, आणि 1983 मध्ये निसानने टेनेसीतल्या स्मर्ना गावी कारखाना काढला तेव्हा तिथून निघालेली पहिली गाडीही पिकअपच होती. करामुळे बाहेरची स्पर्धा बंद झाली हे खरं, पण छोटी गाडी करामुळे मेली नाही.

खरा घाव इंधनाच्या नियमांचा. आधी कंपनीच्या सगळ्या ट्रकना मिळून मायलेजची एकच सरासरी गाठायची असायची, त्यात कमी पिणारी छोटी गाडी कंपनीच्या उपयोगाची होती. मोठ्या गाड्यांचं पाप ती धुऊन काढायची. 2008 च्या मॉडेलांपासून ट्रकसाठी नवी पद्धत आली, 2011 पासून ती सक्तीची झाली. आता चार चाकांमधला चौरस मोजतात. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर गुणिले डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर. चौरस जितका मोठा तितकी मायलेजची अट सैल. मग छोटी, चौकोनी, माल वाहणारी गाडी बनवून कडक अट कोण गाठत बसेल? गाडी रुंद केली, लांब केली की अट सोपी होते आणि किंमतही जास्त लावता येते. पेट्रोल वाचवायला केलेल्या नियमाने गाड्या मोठ्या केल्या. नियम लिहिणाऱ्यांनी हौद्यात कधी हात घालून बघितला नसणार, असं माझं ठाम मत आहे.

आणि गिऱ्हाईकही जबाबदार आहे. चार दारं पाहिजेत, आत चामड्याच्या सीट पाहिजेत, मागे हौदा असला नसला सारखाच. आज रस्त्यावर बघाल ती नेहमीची चार दारांची मोठी पिकअप साडेपाच फुटी हौद्याची असते. म्हणजे माझ्या रेंजरपेक्षा हौदा अर्धा फूट आखूड आणि गाडी साडेतीन फुटांहून जास्त लांब. टोयोटाने टॅकोमा या पिकअपची आखूड केबिनची साधी गाडी इथे 2014 नंतर दिलीच नाही. रेंजर हे नाव 2019 मध्ये परत आलं, पण त्या नावाची आताची गाडी वेगळी आहे, मोठी आणि उंच.

आपल्याकडे 2005 मध्ये पुण्याहून टाटांची एस, म्हणजे तोच छोटा हत्ती, निघाली, दोन सिलिंडर, पाऊण टन माल, आणि गावोगाव लोकांनी तिच्यावर धंदे उभे केले. मोठ्या गाडीने इज्जत वाढते असं आपल्याकडेही मानतात, पण माल वाहायच्या गाडीचं माप आपण मालावरून ठरवतो. नानांना इथलं सगळं आवडलं, ही एकच गोष्ट त्यांना पटली नाही. आमच्या गल्लीत सहा मोठ्या पिकअप आहेत. सहा महिन्यांत एकीच्याही हौद्यात त्यांना काही भरलेलं दिसलं नाही.

घ्यायचं काय? नवी हवी असेल तर फोर्डची मॅव्हरिक. 2021 मध्ये आली तेव्हा 20 हजार डॉलरच्या आत सुरू होत होती, आता बरीच महाग झाली आहे. हौदा साडेचार फुटी, दारं चारच, लांबीला माझ्या जुन्या रेंजरपेक्षा फूटभर जास्त. तरी कड बेताची आहे, हात आत जातो. मातीच्या पिशव्या आणि खुर्च्या यांना पुरेल, प्लायवूडला फाळका खाली टाकावा लागेल. जपानच्या चिमुकल्या ट्रकच्या नादी लागण्याआधी आपल्या राज्यात त्याची नोंदणी होते का ते बघा. 25 वर्षं जुनी गाडी आयात करता येते, पण रस्त्यावर चालवू द्यायची की नाही हे प्रत्येक राज्य आपलं आपण ठरवतं आणि काही राज्यं देत नाहीत.

माझं ऐकाल तर 2011 च्या आधीची रेंजर किंवा तिचीच माझ्दाच्या नावाने विकलेली बहीण शोधा. शक्यतो दक्षिणेतल्या राज्यातून आलेली, मीठ न खाल्लेली. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली झोपा, मागच्या पाट्यांच्या शॅकल आणि चेसी टोचून बघा. पापुद्रे निघाले तर किंमत कितीही कमी असो, सोडा.

एक सांगायचं राहिलं. तुमची मुलं लहान असतील आणि घरात ही एकच गाडी असणार असेल, तर वरचं सगळं विसरा. दोन दारांच्या जुन्या पिकअपमध्ये लहान मुलाची सीट नीट बसवता येत नाही, आणि अपघातात जुनी छोटी गाडी आजच्या गाडीइतकं वाचवत नाही. बोट किंवा मोठा ट्रेलर ओढायचा असेल त्याने मोठीच घ्यावी, त्याबद्दल माझा काही वाद नाही. साडूंकडे मात्र बोटही नाही आणि ट्रेलरही नाही.

गेल्या वर्षी लाकडाच्या दुकानाच्या आवारात मला माझी रेंजर दिसली. फाळक्यावर मुलीने लहानपणी चिकटवलेल्या मोराचा अर्धा स्टिकर अजून होता. हौद्यात छपराच्या कौलांचे गठ्ठे. तो माणूस एकटाच होता, कडेवरून हात घालून एकेक गठ्ठा नीट लावत होता. मी साडूंना फोटो पाठवला. त्यांनी नुसता अंगठा दाखवला. नानांना पाठवला तर त्यांचा लगेच फोन आला. पाटे बदललेत का, एवढंच विचारलं.